मुक्त विद्यापीठाचं बीए, मग केगावला एमए: समाजशास्त्राची माझी दोन वर्षं

मुक्त विद्यापीठाच्या बीएवर विद्यापीठात रेग्युलर एमएला बसता येतं का, हे मला शिवणाच्या गिऱ्हाइकांपासून नणंदेच्या जावेपर्यंत इतक्या जणींनी विचारलंय, की आता एकदाच लिहून ठेवते. येतं. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पदवी पुढच्या शिक्षणाला चालते. तिच्यावर एमए होतं, पुढं सेट-नेट ह्या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षाही देता येतात. अडतं ते कागदांपाशी. म्हणून कागद आधी सांगते, समाजशास्त्र नंतर.

माझं बीए २०२१चं. त्याच्या आधी बारावी, लग्न, मुलगी आणि शिवणकाम. २०२३च्या मे महिन्यात मुलगी आठवीची परीक्षा देऊन घरी होती, लग्नसराईची ब्लाउजं संपत आली होती, तेव्हा मी केगावला, म्हणजे सोलापूर विद्यापीठात, फक्त चौकशीला म्हणून गेले. आपलं विद्यापीठ २००४ सालचं. त्याआधी सोलापूर जिल्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होता. माझ्या मोठ्या दिरांच्या पदवीवर कोल्हापूरचंच नाव आहे. पदवी घ्यायची म्हणजे केवढं लांब, ही जी धास्ती आमच्या घरात होती ती तिथून आलेली.

चौकशीत एक गोष्ट पहिल्यांदा नक्की करून घ्या: समाजशास्त्र आणि समाजकार्य हे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत. समाजकार्याची पदवी म्हणजे एमएसडब्ल्यू. दवाखान्यातला समाजसेवा अधीक्षक, समुपदेशक अशा जागांच्या जाहिरातीत पुष्कळदा तीच मागतात. समाजशास्त्राचं एमए शिकवायला, संशोधनाला, सर्वेक्षणाच्या कामाला, स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडतं. ज्युनिअर कॉलेजवर शिकवायचं तर जोडीला बीएड लागतं. नात्यातल्या प्रत्येकानं मला विचारलं, "समाजशास्त्र करून काय होणार?" पहिले काही महिने मी ज्याला जे उत्तर आवडेल ते देत होते.

आता कागद. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्याला स्थलांतर प्रमाणपत्र लागतं. मुक्त विद्यापीठाकडे त्याचा ऑनलाइन अर्ज करता येतो, नाशिकला जावं लागत नाही. मूळ प्रत प्रवेशाच्या वेळी जमा होते, त्यामुळे आधी स्कॅन करून ठेवा. मधल्या रिकाम्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. मी ते शंभरच्या मुद्रांकावर केलं होतं. त्यानंतर मुद्रांकाचे नियम बदललेत, म्हणून आधी विचारून मगच कागद विकत घ्या. डिजिलॉकरवरून एबीसी आयडी काढायचा. एबीसी म्हणजे श्रेयांकांचं (क्रेडिटचं) सरकारी ऑनलाइन खातं, आपले श्रेयांक त्यात जमा होतात. ह्या सगळ्यावर प्रवेश तात्पुरता मिळतो आणि पात्रता मंजूर झाली की कायम होतो.

लग्न झालेल्या बायकांचा खरा घोळ नावाचा. दहावी-बारावी माहेरच्या नावानं, बीए सासरच्या नावानं, आधारवर तिसरंच काहीतरी. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला लागला, आणि आमचं लग्न कधी नोंदवलंच नव्हतं. महापालिकेत नोंदवायचं तर लग्नपत्रिका, फोटो, दोघांचे वयाचे पुरावे, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्याची सही. आमचं लग्न लावणारे स्वामी कधीच वारले होते. त्याचं आणखी एक प्रतिज्ञापत्र. साक्षीदार म्हणून माझे दोन दीर आणि आत्याचा मुलगा ऑफिसात उभे होते. "सतरा वर्षांनी लागतंय होय तुमचं लग्न?" असं म्हणत तिघांनी माझ्याकडून चहा-भजी उकळली. कागदांवर सगळा मिळून अडीच-तीन हजार खर्च आला. जिला पुढं शिकायचंय तिनं प्रवेशाची वाट न बघता हा दाखला आत्ताच काढून ठेवावा आणि आधारवरचं नाव पदवीशी जुळवून घ्यावं. जूनमध्ये ही धावपळ फार जिवावर येते.

शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी ह्या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा असेल तर उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, ज्या प्रवर्गाला लागतं त्याला नॉन क्रिमीलेयर आणि आधारशी जोडलेलं बँक खातं हवं. खातं नुसतं चालू असून भागत नाही, आधार जोडणी झालीय का ते बँकेत विचारा. २०२४ पासून "मुलींना फी माफ" असं जे ऐकू येतं ते व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, एमए त्यात बसत नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलीनं त्या भरवशावर पैशाची सोयच केली नव्हती. आणि फीपेक्षा मोठा खर्च वेगळाच होता. पंचाहत्तर टक्के हजेरी म्हणजे सकाळी घर सोडायचं, त्यामुळे शिवणाचं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. ते कुठल्या पावतीवर दिसत नाही. घरात आधी हाच हिशेब मांडा.

ऑगस्टमध्ये वर्ग सुरू झाले. शेळगीहून केगाव म्हणजे जुना पुणे नाका, बाळे करत हायवेनं जायचं. स्कूटरवर पेट्रोल आणि बाजूनं घोंघावत जाणारे ट्रक, दोन्हीची सवय व्हायला दिवाळी उजाडली. वर्गातली मुलं-मुली एकवीस-बावीस वर्षांची. अक्कलकोट, मंगळवेढा, करमाळा, बार्शी, अशी जिल्हाभरची. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला "मॅडम" म्हणून उठून उभं राहून वाट दिली. मग "काकू" झाले. "ताई" व्हायला पहिली सत्र परीक्षा जावी लागली.

दोन वर्षं, चार सत्रं, एकूण ८८ श्रेयांक. नव्या शैक्षणिक धोरणाचा एमएचा आराखडा २०२३-२४ पासूनच लागू झाला, म्हणजे आम्ही पहिलीच तुकडी. दर सत्राला २२ श्रेयांक. पहिल्या सत्रात संशोधन पद्धती, दुसऱ्यात प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, तिसऱ्या-चौथ्यात संशोधन प्रकल्प. वर्षभरानं थांबायचं असेल तर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. ही सोय मला फार धीर देणारी वाटली. घरात कोणी आजारी पडलं तर वर्ष वाया जाणार नाही, एवढं म्हणायला जागा होती.

पहिला गृहपाठ मिळाला तो असा: आपल्या गल्लीचा नकाशा काढा, घरागणिक भाषा आणि धंदा लिहा, आणि संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला कोण कोणाकडे जातं ते बाणांनी दाखवा. मला वाटलं, हे काय एमएचं काम आहे? रात्री जेवणं झाल्यावर मुलीला घेऊन बसले. घरं पटापट झाली. बाण काढायला लागले आणि हात थांबायला लागला. काही घरांतून बाण निघत होते, तिकडे एकही जात नव्हता. विधवा बायकांच्या घरांपाशी कागद कोराच राहिला. कोपऱ्यावरच्या एका घराकडे आम्ही कधीच का जात नाही, हे मुलीनं विचारलं आणि सासूबाई टीव्हीचा आवाज मोठा करून बसल्या. पुढच्या आठवड्यात मर्टन ह्या समाजशास्त्रज्ञाची प्रकट कार्यं आणि सुप्त कार्यं शिकवली, म्हणजे एखाद्या रिवाजाचा सांगितला जाणारा हेतू आणि त्यातून नकळत साधलं जाणारं काम. वर्गात बाकीचे लिहून घेत होते, मी तो नकाशा पुन्हा बघत होते.

सोलापुरात समाजशास्त्र शिकण्याची मजा ही आहे की उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. इरावती कर्व्यांनी नातेव्यवस्थेचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे विभाग पाडले. त्यात महाराष्ट्र मध्य विभागात येतो, उत्तर आणि दक्षिणेच्या चाली जिथं एकमेकींत मिसळतात तिथं. आमच्याच बोळात तेलुगू घरात मामानं सख्ख्या भाचीशी केलेलं लग्न आहे, कन्नड बोलणाऱ्या घरातही आहे, आणि मराठी घरं "मामाची मुलगी चालते, पण भाची म्हणजे काय!" असं म्हणून नाकं मुरडतात. एका बोळात सगळा धडा. तसंच डॉ. आंबेडकरांच्या १९१६च्या कोलंबियातल्या निबंधाचं. जातीतच लग्न करण्याच्या बंधनावर जात उभी आहे, ही त्यातली मांडणी. मी ती वाचत होते आणि फोनवर जातीच्या वधू-वर ग्रुपवर बायोडाटा येऊन पडत होते. माझी मुलगी नववीत होती तेव्हा. ग्रुपमध्ये मला कोणी घातलं कोण जाणे.

वडील रिक्षा चालवायचे. "सेटलमेंट, सेटलमेंट" ओरडून त्यांनी आयुष्यभर पॅसेंजर भरले. तिसऱ्या सत्रात १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा शिकताना समजलं की सेटलमेंट ही वस्ती मुळात तारेच्या कुंपणातली होती. जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या लोकांना तिथं ठेवत आणि रोज हजेरी घेत. कायदा रद्द झाला १९५२ साली. वस्तीला आजही सेटलमेंट फ्री कॉलनी म्हणतात. वडिलांना विचारलं तर म्हणाले, "आमाला ठावं हुतं की. तू कवा इचारलीस?"

भाषेचं मात्र सगळ्यांनाच जड जातं. चांगली पुस्तकं इंग्रजीत, वर्ग मराठीत. डरखाइम ह्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या आत्महत्येच्या अभ्यासावरचं (१८९७) पहिलं प्रकरण वाचायला मला आठवडा लागला आणि शेवटी इतकंच हाती लागलं की प्रोटेस्टंट, कॅथॉलिक असं काहीतरी आहे. मग एका मुलानं रस्ता दाखवला: इग्नूचं एमए समाजशास्त्राचं साहित्य ई-ज्ञानकोश ह्या संकेतस्थळावर फुकट मिळतं, हिंदीतही आहे. आधी ते वाचायचं, मग ई-पीजी पाठशाळेतला त्याच विषयाचा पाठ, आणि शेवटी मूळ पुस्तकातली नेमून दिलेली पानं. ह्या क्रमानं गेलं की इंग्रजी इतकं परकं वाटत नाही. मराठी विश्वकोशातल्या नोंदी नेटवर आहेत, संज्ञा पक्क्या करायला त्या चांगल्या. मी उत्तरं मराठीतच लिहिली. गाइडं आणू नका असं म्हणणार नाही, मीही एक आणलं होतं. पण त्यात वेबर आणि मार्क्स एकाच साच्यातल्या चार चार मुद्द्यांत बसवलेले असतात आणि तोंडी परीक्षेत ते लगेच उघडं पडतं.

अभ्यासाची वेळ पहाटे चार ते सहा. नळाला पाणी येणार त्या दिवशी ती वेळही जायची. सोलापूरकराला हे वेगळं सांगायला नको: तेव्हा चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, आणि यायचं तेव्हा घरातलं सगळं थांबायचं. एका अंतर्गत चाचणीच्या सकाळी मी हंड्यांच्या रांगेशेजारी बसून नमुना निवडीचे (सॅम्पलिंगचे) प्रकार पाठ केले. पहिल्या सत्राची परीक्षा झाली तेव्हा जानेवारीतली गड्ड्याची यात्रा तोंडावर होती. विषय येत होता, हाताला लिहायची सवय नव्हती. पेपरच्या महिनाभर आधीपासून रोज घड्याळ लावून एक उत्तर लिहा, वयानं मोठ्या असाल तर नक्कीच.

दुसऱ्या सत्रातलं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण चार श्रेयांकांचं, म्हणजे १२० तास. जागा आपण शोधायची. विभागाचं पत्र, संस्थेचं संमतिपत्र, रोजच्या तासांची नोंदवही, तिच्यावर सही-शिक्का. हे सगळं मार्च ते मे २०२४ मध्ये आलं आणि मध्येच लोकसभेची निवडणूक. एका सरकारी कार्यालयात मी पत्र घेऊन गेले तर माणसंच जागेवर नव्हती, सगळी निवडणुकीच्या कामाला. ज्यांना सरकारी ठिकाणी करायचंय त्यांनी वर्षाचं कॅलेंडर बघून ठरवावं. मला शेवटी असंघटित कामगार बायकांत काम करणारी एक छोटी संस्था मिळाली. काम म्हणजे घरोघरी जाऊन कुटुंबांची माहिती भरणं. पारा चाळिशीच्या पुढं, डोक्यावर ओढणी, पिशवीत ताक. सोलापुरात ७ मेला मतदान होतं, त्यामुळे एप्रिलभर दार उघडणारी प्रत्येक बाई आधी विचारायची, "कुठल्या पार्टीच्या तुमी?" पार्टीची नाही म्हटलं तर उलट संशय वाढायचा.

तिथंच प्रकल्पाचा विषय सापडला: घरी विड्या वळणाऱ्या बायका, आणि विडी कामगाराच्या एका कार्डामागं प्रत्यक्षात किती हात राबतात. भाग विडी घरकुलचा, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीचा. माझी वर्गमैत्रीण तिकडचीच, आजी-आई दोघी विड्या वळणाऱ्या. ती नसती तर हा प्रकल्प झाला नसता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कारखान्याच्या ब्रँचमधून पान, तंबाखू आणि दोरा मिळतो. पान भिजवायचं, साच्यावर धरून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, तोंड मोडून दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर. ब्रँचला माल दिला की तपासणीत खराब विड्या बाजूला निघतात आणि त्यांचे पैसे मिळत नाहीत. कार्ड ज्या बाईच्या नावावर, तिचाच प्रॉव्हिडंट फंड, तिचीच नोंद.

प्रश्नावलीत पहिला प्रश्न होता: घरात विडी कामगार किती? उत्तर यायचं: एक. आणि समोर सूप घेऊन तिघी बसलेल्या. कार्ड सासूचं, म्हणून कामगार एक. सून म्हणायची, "मी काय काम करत नाही, घरीच असते," आणि बोलता बोलता तिचे हात चालूच. शाळेतून आलेली पोरगी दप्तर टाकून दोरा बांधायला बसायची, ती तर मोजणीतच नाही. मार्गदर्शक मॅडमना कच्च्या नोंदी दाखवल्या. त्या म्हणाल्या, कामगार किती हे विचारूच नका, काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय झालं ते विचारा, आणि सुपाला कोणाकोणाचा हात लागला ते विचारा. शिवणकाम करणाऱ्या मला हे लगेच कळलं: आधी माप, मग कापड. काही घरांत नुसतं बोलून बघितलं, त्यावरून प्रश्न नव्यानं बेतले आणि मग खऱ्या मुलाखती सुरू केल्या. ह्यानंतर त्याच घरांत दोन, तीन, कधी चार कामगार निघायला लागले. माझ्या प्रकल्पात सांगण्यासारखं जे काही आहे ते ह्या एका प्रश्नातून आलं.

मुलाखतींच्या बाबतीत काही बारीक गोष्टी, ज्या पुस्तकात एका ओळीत उरकलेल्या असतात.

संमतिपत्रावर सही घ्यायची असते. विडी घरकुलात "सही" म्हटलं की बायका मागं सरकतात. घर, कर्ज, बचतगट, सगळीकडे सही करून झालेली असते. एक आजी म्हणाल्या, "सही करती, मग घर जाती." मॅडमच्या परवानगीनं आम्ही तोंडी संमती रेकॉर्ड केली. त्याचा नियम विभागाकडून आधीच लेखी घेऊन ठेवावा.

एकीनं दुसरीचं घर दाखवायचं, तिनं तिसरीचं, अशी आमची नमुना निवड होती. सोपी आहे, पण सगळ्या एकमेकींच्या ओळखीच्याच निघतात आणि सारखंच बोलतात. म्हणून आम्ही तीन वेगळ्या टोकांपासून सुरुवात केली: संघटनेतली एक बाई, एक अंगणवाडी सेविका आणि माझं एक जुनं शिवणाचं गिऱ्हाईक. तिन्हीकडून येणाऱ्या बायकांचं बोलणं खरंच वेगळं निघालं.

रेकॉर्डिंगचा शत्रू म्हणजे यंत्रमाग. शेजारच्या खोलीत लूम चालू असला की फोनमध्ये खटखटीशिवाय काही ऐकू येत नाही. लाइट गेली की आमची मुलाखत रंगायची. एक तासाचं बोलणं उतरवायला पाच-सहा तास लागतात, त्यात तेलुगू असेल तर आणखी. मैत्रीण भाषांतर करायची तेव्हा सुरुवातीला तेलुगू बोलणाऱ्या अक्का पाच मिनिटं बोलायच्या आणि ही मला सांगायची, "त्या म्हणतात, त्रास आहे." नंतर आम्ही रेकॉर्डिंग थांबवत, वाक्यावाक्यानं उतरवलं. त्या पाच मिनिटांत कात्रीनं पडलेले घट्टे होते, कमी पडलेलं पान बाजारातून विकत आणणं होतं, आणि कार्ड सुनेच्या नावावर करायला सासूचा नकार होता. कार्ड गेलं की फंड गेला आणि घरातला मानही गेला, असं सासूचं म्हणणं.

नावं बदलली तरी ओळख लपत नाही. "तीन मुली, नवरा लूमवर, दीर पुण्याला" एवढं लिहिलं की अख्खा बोळ सांगेल कोण ते. म्हणून तपशीलही थोडे बदलावे लागतात, आणि ते बदललेत हे अहवालात लिहायचं.

जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे फॉर्म सुरू झाले. पुढं तिसऱ्या सत्राच्या मुलाखतींना गेले तेव्हाही माझ्या हातातली फाइल बघून बायका आधारकार्ड घेऊन यायच्या. कोणाचे पंधराशे जमा झाले, कोणाचे अडकले, ते मला दाखवायचे. नाही म्हणणं जिवावर यायचं. मॅडमनी तोडगा काढला: मदत करा, पण त्या बाईची मुलाखत त्याच दिवशी घेऊ नका, आणि मदत केली हे क्षेत्रडायरीत लिहा. आपण कोण म्हणून तिथं गेलो आणि त्यांना कोण वाटलो, ह्यावर मिळणारं उत्तर बदलतं. नोव्हेंबरला विधानसभा आली तेव्हा मी पुन्हा काही दिवस पार्टीची बाई झाले.

लिहायला घेतलं चौथ्या सत्रात, आणि इथं घाई झाली. टायपिंगवाले पानाला वीस रुपये सांगतात. मी फोनवर बोलून युनिकोडमध्ये मजकूर उतरवला, मुलीनं संगणकावर दुरुस्त केला. जुन्या फाँटमध्ये टाइप करून घेतलं तर दुसऱ्या संगणकावर सगळं विस्कटतं, ते टाळा. काळ्या रेक्झिनचं, सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग एका प्रतीला अडीचशे-तीनशे. सगळ्यांचं एकाच आठवड्यात असतं, दुकानात आधी सांगून ठेवा. मार्गदर्शकांच्या सहीचं पान बाइंडिंगच्या आधी सही होऊन आत गेलं पाहिजे.

मे २०२५ मध्ये तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या सरांनी तक्ते उलटले, नमुन्याबद्दल विचारलं, मग म्हणाले, "तुम्ही स्वतः घरी बसून शिवण शिवता. तुमच्या घरी कोणी विचारलं, काम करता का, तर काय उत्तर येतं?" मी सांगितलं की शिधापत्रिकेच्या फॉर्मवर माझ्या नावापुढं गृहिणी लिहिलंय आणि तो फॉर्म मीच भरला होता. सर हसले नाहीत. "हे अहवालात कुठं आहे?" म्हणाले. प्रस्तावनेत अर्धं पान होतं, ते दाखवलं. "अर्ध्याचं दोन करायला हवं होतं," म्हणाले आणि सही केली.

सेटबद्दलही विचारतात. एमएच्या शेवटच्या वर्षात असतानाच सेटला बसता येतं. मी १५ जून २०२५ची दिली, सोलापूर केंद्रावरच. पहिला पेपर सामान्य, ५० प्रश्न, १०० गुण. दुसरा विषयाचा, १०० प्रश्न, २०० गुण. दोन्ही मिळून तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पात्रतेला एमएत ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५०. एमए करतानाच दर घटकाच्या नोंदी दोन पानांत बसवून ठेवल्या की शेवटी तेवढ्याच चाळता येतात. प्रकल्पाच्या धावपळीनंतर पुस्तकं पुन्हा उघडायला वेळ मिळत नाही.

निकाल लागल्यावर गुणपत्रक, तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र आणि पदवीदान समारंभाचा अर्ज ही तीन कामं उरतात. पदवीचा अर्ज मुदतीत भरला नाही तर ती लांबते. एबीसीच्या खात्यात सगळे श्रेयांक चढलेत का तेही बघून घ्या.

सध्या मी त्याच संस्थेत आठवड्याचे तीन दिवस जाते, मानधन थोडं आहे, बाकीचे दिवस मशीन. प्रकल्पातल्या घरांपैकी काहींचं कार्ड सुनेच्या नावावर करायचं काम चालू आहे, त्याचे कागद जमवायला मी मदत करते. पीएचडीचं विचारणाऱ्यांना सांगते, आधी पेटची (पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची) जाहिरात येऊ दे, मुलीची अकरावी एकदा मार्गी लागू दे. तोवर विवाह नोंदणीला साक्षीदार कोणाला हवे असतील तर आमचे दोन्ही दीर आता ह्या कामात मुरलेत. चहा-भजीचं तेवढं बघावं लागेल.